माकडापासून कोल्ह्यापर्यंत

जपानच्या क्योगेन या विनोदी रंगभूमीवर एक वचन पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते: नटाची सुरुवात माकडाने होते आणि घडण कोल्ह्याने पुरी होते. माकड म्हणजे 'उत्सुबोझारु' या नाटकातले माकडाचे पिल्लू. क्योगेन घराण्यात जन्मलेले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुखवटा बांधून याच भूमिकेत पहिल्यांदा रंगमंचावर येते. कोल्हा म्हणजे 'त्सुरिगित्सुने'मधला म्हातारा कोल्हा. बहुधा विशीत पेलायची ही भूमिका, आणि ती पेलल्याखेरीज त्या मुलाला पुरता नट मानले जात नाही. या दोन जनावरांच्या मध्ये साधारण वीस वर्षे जातात. त्या वीस वर्षांत एका मुलाचे नेमके काय होते, त्याच्याकडून काय घेतले जाते आणि त्याला काय दिले जाते, हा विचार पुण्यात जपानी शिकत असल्यापासून माझ्या मनात आहे. पुढे तोक्योत राहायला आल्यावर सेन्दागायाच्या राष्ट्रीय नो नाट्यगृहात क्योगेन पाहण्याचा परिपाठ पडला आणि तो विचार आणखी खोल गेला.

क्योगेन हे नो नाट्याचे सख्खे भावंड आहे. दोन्ही चौदाव्या शतकाच्या सुमारास आकाराला आली आणि दोन्ही एकाच रंगमंचावर होतात: सुमारे सहा मीटर लांबी-रुंदीचा लाकडी चौक, मागच्या भिंतीवर रंगवलेला पाइन वृक्ष, डावीकडे नटांच्या येण्याजाण्याचा लांब पूल. नोमध्ये भुते, देवता, युद्धात पडलेले योद्धे आणि विरहाने वेड्या झालेल्या स्त्रिया येतात. त्या गंभीर नाटकांच्या मधल्या जागेत क्योगेनची माणसे येतात: धन्याची दारू चोरून पिणारा तारो काजा नावाचा चाकर, बायकोला घाबरणारा नवरा, पोथी न येणारा भिक्षू, फुशारकी मारणारा आणि लगेच विरघळणारा सरदार. बहुतेक पात्रे मुखवट्याविना येतात आणि बोलतात गद्यात. त्यांचे पायमोजेसुद्धा नोच्या नटांसारखे पांढरेशुभ्र नसून पिवळसर असतात, आणि का कोण जाणे, पुलावर ते पिवळसर पाय दिसले की माझे मन लगेच हलके होते. नो आणि क्योगेन मिळून झालेल्या या परंपरेची नोंद २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. क्योगेनचे ओकुरा आणि इझुमी हे दोन प्रवाह आज व्यावसायिक रंगमंचावर उभे आहेत आणि त्या प्रवाहांच्या आत घराणी आहेत.

मी ज्या घराण्याचे काम सर्वांत जास्त पाहिले ते इझुमी प्रवाहातले नोमुरा घराणे. कानाझावाच्या माएदा सरदारांच्या आश्रयाने वाढलेले हे घराणे मेइजी काळात (१८६८ नंतर), सरंजामी आश्रय संपल्यावर, तोक्योला आले. आजचे ज्येष्ठ नोमुरा मानसाकु यांचा जन्म १९३१ सालचा. त्यांचे पुत्र नोमुरा मानसाई १९६६ सालचे आणि नातू नोमुरा युकी १९९९ सालचा. तिघांचेही रंगमंचावरचे पहिले पाऊल वयाच्या तिसऱ्या वर्षी पडले आणि तिघेही त्या दिवशी माकड झाले होते.

'उत्सुबोझारु'ची कथा चार ओळींत सांगता येते, पण ती पाहताना पोटात खड्डा पडतो. एक सरदार चाकराला घेऊन शिकारीला निघाला आहे. वाटेत त्याला एक माकडवाला भेटतो, सोबत त्याचे लहानगे माकड असते. सरदाराला आपल्या बाणांच्या भात्यावर माकडाचे कातडे मढवायची हौस येते आणि तो ते माकड मागतो. माकडवाला गयावया करतो, नकार देतो, तेव्हा सरदार धनुष्य ताणून दोघांनाही एकाच बाणाने मारायची धमकी देतो. बाणाने कातड्याला भोक पडण्यापेक्षा मीच एका घावात मारतो, असे माकडवाला अखेर कबूल करतो. मग तो माकडाला समोर घेऊन त्याच्याशी बोलतो. तुला इवलासा होतास तेव्हापासून वाढवले, एकेक खेळ शिकवला, तुझ्यामुळेच पोट भरले, आणि आता माझ्याच हातून हे व्हायचे आहे, तर मला दोष देऊ नकोस. तो काठी उगारतो. माकडाला वाटते, नवा खेळ सुरू झाला. ते ती काठी हातात घेते आणि नुकतेच शिकवलेले नाव वल्हवण्याचे सोंग करू लागते.

माकडवाला रडत खाली बसतो. सरदारही द्रवतो आणि जीवदान देतो. पुढे गाणे सुरू होते, माकड नाचते, कोलांट्या घेते, अंग खाजवते, आणि आनंदलेला सरदार आपला पंखा, तलवार, अंगावरचे वस्त्र असे एकेक बक्षीस देत शेवटी स्वतःच माकडासारखा नाचू लागतो.

घराण्यातल्या मुलाचे पदार्पण असते तेव्हा या नाटकात तीन पिढ्या एकत्र उभ्या राहतात. आजोबा आणि वडील मोठ्या भूमिका वाटून घेतात आणि मूल माकड होते. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला हे नाते ठाऊक असते. त्यामुळे माकडवाल्याची काठी वर गेली की आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात: आपण वाढवलेल्या जिवावर हात उगारणारा माणूस, आणि आपल्या मुलाला या मार्गावर आणून उभा करणारा बाप. मुलाला संवाद नसतो, फक्त माकडाचे चीत्कार असतात. मुखवट्याच्या बारीक भोकांतून त्याला जेमतेम दिसते. आपण कशासाठी उभे आहोत हे त्या वयात त्याला समजणे शक्य नाही. ते फक्त शिकवलेला खेळ करते, आणि त्या खेळानेच त्याचा जीव वाचतो. परंपरेने आपल्या सर्वांत कोवळ्या वारसासाठी नेमके हे नाटक निवडावे, याचा मला फार आदर वाटतो. तिने स्वतःच्या कठोरपणाकडे पाठ फिरवलेली नाही. मुलाला न विचारता आपण त्याच्यावर काय लादतो आहोत हे तिला माहीत आहे, आणि ते ती पहिल्याच दिवशी, सर्वांसमक्ष, त्याच मुलाला मध्ये उभे करून दाखवते.

पदार्पणाच्या आधी तालीम असते. क्योगेनमध्ये मूल पुस्तकातून शिकत नाही. गुरू आणि शिष्य समोरासमोर गुडघे मोडून बसतात, गुरू एक ओळ म्हणतो, शिष्य ती जशीच्या तशी परत म्हणतो. अर्थ सांगितला जात नाही आणि विचारलाही जात नाही. कितीतरी नाटकांचे पहिले वाक्य एकच असते, 'मी इथल्याच भागातला एक माणूस आहे', आणि ते वाक्य मूल असंख्य वेळा म्हणते, आवाज पोटातून निघेपर्यंत, चढाची जागा आणि उताराची जागा हाडात बसेपर्यंत. आपल्याकडे तिन्हीसांजेला मुले परवचा म्हणत, आणि पावकी-निमकी कशासाठी हे कळायच्या कितीतरी आधी ती जिभेवर बसलेली असे, तसेच हे बसते. फरक इतकाच की परवचा म्हणून झाला की मूल खेळायला मोकळे होत असे. इथे समोर बसलेला माणूस बापही असतो आणि गुरूही, तालमीनंतर जेवायला तोच समोर असतो, आणि 'बाबा' म्हणायचे कधी आणि 'गुरुजी' म्हणायचे कधी हे त्या लहान जिवाला स्वतःच ओळखावे लागते.

शब्दांबरोबर शरीर येते. उभे राहण्याची एक ठरलेली रीत आहे: गुडघे किंचित वाकलेले, कंबर पक्की, कणा ताठ, हात शरीरापासून थोडे दूर. चालायची रीत आहे, ज्यात टाच जमीन सोडत नाही आणि डोके वरखाली होत नाही. हसायची रीत आहे, रडायची आहे, दारू ओतायची आहे. दार उघडायचे तर समोर दार नसते, हात दार सरकवतो आणि तोंड त्या सरकण्याचा आवाज काढते. या ठरीव साच्यांना 'काता' म्हणतात. रडण्याच्या कातामध्ये हात डोळ्यांसमोर येतो आणि आवाज एका ठरलेल्या लयीत फुटतो. नटाच्या डोळ्यांत पाणी यावे अशी अपेक्षाच नाही. आज भावना आधी आणि तिचा आविष्कार नंतर असे मानायची आपल्याला सवय आहे. क्योगेनचे मूल उलट्या दिशेने जाते. त्याला आधी दुःखाचा आकार मिळतो, आणि त्या आकारात भरण्याजोगे दुःख आयुष्य पुढे कधीतरी आणून देते. माकडवाल्याचे रडणे पाहताना मला या क्रमाची ताकद कळली. तो साचा शेकडो वर्षांचा आहे, कितीतरी नटांच्या शरीरांतून गेलेला आहे, आणि तरीही समोरच्या माणसाचे रडणे खोटे वाटत नाही.

या शिक्षणपद्धतीवरही क्योगेनचे स्वतःचे एक नाटक आहे. 'इरोहा' हे त्याचे नाव, आणि ते बहुधा लहान मुलांनाच दिले जाते. बाप मुलाला मुळाक्षरे शिकवायला बसतो. मूल वेडीवाकडी उत्तरे देते, तेव्हा बाप म्हणतो, मी म्हणेन तसेच म्हण. झाले, मूल शब्दशः तसेच करू लागते. बाप रागावतो, तर मूल तेच रागावणे परत करते. बाप ओरडतो, मूल ओरडते. शेवटी चिडून बाप त्याला धरून आडवा पाडतो, आणि मूल उठून बापाला तसेच आडवे पाडते व निघून जाते. प्रेक्षक पोट धरून हसतात. मला त्या हसण्याबरोबर नेहमी थोडे वर काहीतरी मिळते. तालमीच्या खोलीत ज्याने दिवसचे दिवस निमूटपणे बापाची ओळ परत म्हटली, त्याच मुलाला रंगमंचावर बापाला चीतपट करायची अनुमती आहे, आणि ती अनुमतीही त्याला बापाकडूनच, तालमीतून, शिकवून मिळालेली आहे.

नोच्या सर्वांत मोठ्या नाटककाराने, झेआमीने, सुमारे इ. स. १४०० मध्ये आपल्या वारसांसाठी एक ग्रंथ लिहायला घेतला. घराण्याबाहेर तो कोणी पाहू नये असा दंडक होता आणि १९०९ साली छापला जाईपर्यंत बाहेरच्या जगाला त्याची जवळजवळ ओळखच नव्हती. त्याचे पहिले प्रकरण नटाच्या वयाप्रमाणे शिक्षण कसे असावे हे सांगते. सात वर्षांच्या मुलाबद्दल झेआमी जे लिहितो ते प्रत्येक आईबापाने वाचावे असे मला मनापासून वाटते. मूल आपणहून जे करील त्यात काहीतरी त्याचे स्वतःचे असतेच, ते त्याला त्याच्या मनाप्रमाणे करू द्यावे. हे चांगले, हे वाईट असे फार सांगू नये. फार रागे भरले तर मुलाचा उत्साह जातो आणि कला तिथेच थांबते. बारा-तेराव्या वर्षी मुलाचे रूप आणि आवाज दोन्ही सुंदर असतात, ते काहीही करो, शोभते. पण झेआमी लगेच सावध करतो: हे वयाचे फूल आहे, खरे फूल नव्हे, आणि त्यावरून पुढचे काहीच ठरवता येत नाही.

मग येतात सतरा-अठरा. इथे झेआमीची लेखणी एकदम गंभीर होते. आवाज फुटतो, पहिले फूल गळून पडते. शरीर नुसते लांब होते, कालपर्यंतचा डौल कुठल्या कुठे जातो, प्रेक्षक हसतात आणि मुलाला स्वतःची लाज वाटू लागते. यावर झेआमी एकच उपाय सांगतो. लोक बोट दाखवून हसले तरी लक्ष देऊ नये, आवाज पोचेल तेवढ्याच पट्टीत सकाळ-संध्याकाळ तालीम करावी, आयुष्याची सीमारेषा हीच आहे असे मनाशी ठरवून कलेला धरून राहावे. इथे सोडले तर कायमचे सुटले. सहाशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा मजकूर वाचताना मला त्यात गुरूपेक्षा बाप जास्त ऐकू येतो. झेआमी स्वतः कोवळा मुलगा असताना शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सु याच्या नजरेत भरला होता. वयाचे फूल किती लवकर गळते हे त्याला दुसऱ्या कोणाकडून शिकावे लागले नव्हते.

त्याच झेआमीचा वारसा मात्र सरळ रेषेत गेला नाही. एक मुलगा भिक्षू झाला. ज्याच्यावर सारी आशा होती तो थोरला मोतोमासा १४३२ साली बापाच्या आधी गेला. दोन वर्षांनी, सत्तरी ओलांडलेल्या झेआमीला सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. घराण्याची गादी पुतण्याकडे गेली आणि कलेचे गूढ झेआमीने जावयाला दिले. त्याने आधीच लिहून ठेवले होते की घराणे हे रक्ताने घराणे होत नाही, पुढे चालवल्याने होते, आणि एकुलता एक मुलगा असला तरी अंगी पात्रता नसेल तर त्याला ही विद्या देऊ नये. आयुष्याने त्याला स्वतःच्याच वाक्याची इतकी कठोर परीक्षा द्यायला लावली.

नोमुरा मानसाई यांचे सतरा-अठरा वर्षांचे वय जवळच्या काळातले असल्याने त्याची कल्पना करणे सोपे जाते. १९८०च्या दशकातले तोक्यो, शाळेत मित्र, रॉक संगीताचे वेड, आणि घरी परतल्यावर गुडघे मोडून बसायची तालीम. सोबतच्या कोणाच्याही घरी असे काही नसताना आपल्याच घरी ते का, हा प्रश्न त्या वयात पडला नसता तरच नवल. त्याच सुमारास अकिरा कुरोसावा यांच्या १९८५ साली प्रदर्शित झालेल्या 'रान' या चित्रपटात त्यांनी त्सुरुमारुची भूमिका केली. डोळे काढले गेलेला, कड्याच्या टोकावर एकटा उभा राहिलेला तो तरुण मी आजही विसरू शकत नाही. त्या उभे राहण्यात काहीच घडत नाही, आणि नजर तिथून हलत नाही. उभे राहण्याची ती विद्या तीन वर्षांच्या वयापासून अंगात मुरलेली होती.

मानसाई यांनी पुढे स्वतःला 'क्योगेन सायबॉर्ग' म्हटले आहे. लहानपणी कळण्याआधीच काता शरीरात भरले गेले, एखाद्या यंत्रात आज्ञावली भरावी तसे, असे ते मोकळेपणाने सांगतात. या सांगण्यात दुखावलेपण किती आणि अभिमान किती हे मी ठरवू शकत नाही, पण त्या आज्ञावलीने त्यांना कुठे कुठे नेले हे पाहण्यासारखे आहे. १९९४ साली त्यांनी पणजोबांनी उतारवयात धारण केलेले मानसाई हे नाव घेतले आणि त्याच सुमारास नाट्यशिक्षणासाठी लंडनला गेले. २००१ साली शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकाचे क्योगेन रूप घेऊन त्यांची मंडळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात उभी राहिली. २००२ पासून वीस वर्षे त्यांनी सेतागाया सार्वजनिक नाट्यगृहाचे कलादिग्दर्शन केले. आणि २०१६ साली आलेल्या नव्या गॉडझिला चित्रपटात त्या प्रचंड प्राण्याची चाल त्यांच्याच शरीरावरून टिपली गेली. इमारती पायदळी तुडवणारा तो राक्षस ज्या संथ, डोके न हलवणाऱ्या, कमरेतून येणाऱ्या गतीने चालतो, ती कानाझावाच्या सरदारांसमोर चालल्या गेलेल्या पावलांचीच पुढची पावले आहेत. मूल तीन वर्षांचे असताना त्याला जे न विचारता दिले गेले, ते अशा ठिकाणी उपयोगी पडले ज्याची कल्पना देणाऱ्यांपैकी कोणालाही करता आली नसती.

तरी म्हणून न विचारण्याचा प्रश्न मिटत नाही, आणि तो मिटला असे मी म्हणणार नाही. मूल हे मूल असते. त्याच्या बालपणाचे तास मोजके असतात आणि ते परत मिळत नाहीत. मुलींचा प्रश्न तर आणखी बोचरा आहे. व्यावसायिक नटांच्या संघटनेचे दार स्त्रियांना १९४८ साली उघडले, आणि क्योगेनमध्ये इझुमी प्रवाहाच्या प्रमुखाच्या मुली व्यावसायिक म्हणून उभ्या राहिल्या त्या गेल्या शतकाच्या शेवटी. तोवर कितीतरी घरांत एकाच छपराखाली भाऊ तालमीला बसत असेल आणि बहीण दाराआडून ऐकत असेल. तिलाही ती ओळ पाठ झाली असणार. तिची ओळ परत मागायला समोर कोणी बसले नाही. मुलाला नको असताना मिळणे आणि मुलीला हवे असताना न मिळणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून येतात, आणि माझ्या लेखी दुसरी अधिक दुःखाची आहे.

घराणी तुटतात तेव्हा काय होते याचेही उदाहरण क्योगेनकडे आहे. सागी नावाचा तिसरा प्रवाह एके काळी शोगुनांच्या पदरी मानाने नांदत होता. मेइजी क्रांतीनंतर आश्रय गेला आणि व्यावसायिक रंगमंचावरून तो पुसला गेला. पण यामागुची शहरात, सागा प्रांतातल्या एका गावात आणि सादो बेटावर सामान्य रहिवाशांनी त्याची नाटके शिकून जिवंत ठेवली. ज्या बेटावर झेआमी हद्दपार झाला तिथेच हे घडावे, याचे मला फार समाधान वाटते. दुसरीकडे राष्ट्रीय नो नाट्यगृहाने १९८४ पासून घराण्याबाहेरच्या तरुणांसाठी शिक्षणवर्ग चालवले आहेत, आणि त्यातून तयार झालेले क्योगेन नट आज घराण्यांतल्या नटांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. त्यांनी हा मार्ग जाणत्या वयात, स्वतः निवडून घेतला. पण तीन वर्षांच्या वयात जे शरीरात जाते ते विसाव्या वर्षी त्याच सहजतेने जात नाही, हेही रंगमंचावर दिसते, आणि हे दिसणेच घराण्यांच्या बाजूचे सर्वांत मोठे म्हणणे आहे.

आता कोल्हा. 'त्सुरिगित्सुने'तल्या म्हाताऱ्या कोल्ह्याचे सगळे गणगोत एका पारध्याने सापळ्यात पकडून मारले आहे. उरलेला हा कोल्हा पारध्याच्या काकाचे, हाकुझोसु नावाच्या भिक्षूचे रूप घेतो आणि पुतण्याला उपदेश करायला येतो. कोल्ह्यांचा सूड किती भयंकर असतो याची जुनी कथा तो त्याला सांगतो आणि सापळा टाकून द्यायला लावतो. काम फत्ते करून परतताना वाटेत तोच सापळा दिसतो, आमिषाला तळलेला उंदीर. कोल्हा निघून जायला पाहतो आणि परत फिरतो. पुन्हा निघतो, पुन्हा फिरतो. अखेर हा जड वेष उतरवून येतो आणि मग खातो, असे म्हणून तो जातो. इकडे पारध्याला संशय आलेला असतो. उत्तरार्धात कोल्हा आपल्या खऱ्या रूपात, चार पायांवर येतो, सापळ्यात अडकतो, दोरीची ओढाताण होते, आणि तो निसटून पळून जातो.

नटाच्या अंगावर पूर्वार्धात कोल्ह्याचे केसाळ कातडे असते, त्यावर भिक्षूची वस्त्रे, चेहऱ्यावर मुखवटा. माणूस कोल्हा झाला आहे आणि तो कोल्हा माणूस झाला आहे. वीस वर्षे ताठ ठेवायला शिकलेला कणा इथे वाकवायचा, घोटून घेतलेला स्वच्छ आवाज दाबून खोलवरून काढायचा, आणि त्या भिक्षूच्या संथ चालीत मध्येच एखादे पाऊल जनावराचे पडले पाहिजे. दूर कुठे कुत्रे भुंकले की अख्खे शरीर क्षणभर माणूसपण विसरले पाहिजे. हे सगळे तासाभराहून अधिक वेळ चालते. घाम, गुदमर, वजन, अंधूक दृष्टी. बापाने दिलेले प्रत्येक साधन इथे लागते आणि प्रत्येक साधन उलटे धरावे लागते. म्हणूनच ही पदवीची परीक्षा मानली जाते. मानसाई यांनी ती १९८८ साली, बाविसाव्या वर्षी दिली. मानसाकु यांनी तर या एका भूमिकेचा ध्यास घेतला आणि आयुष्यात ती पुन्हा पुन्हा केली, घराण्याचे काम म्हणून एकदा करून ते थांबले नाहीत. युकीही हा कोल्हा करून पुढे गेला आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे होकार इथे दिला जातो. माकडाच्या वयात होकार शक्यच नव्हता, सतरा-अठराव्या वर्षी जो असतो तो फार तर न सोडण्याचा हट्ट. कोल्ह्याच्या तालमीला बसणारा तरुण मात्र जाणता असतो, पाठीवर कातडे किती जड आहे हे त्याला ठाऊक असते, आणि आपण ज्या घरात जन्मलो ते घर आपल्याला सापळाही आहे आणि अन्नही, हे त्याच्याइतके नेमके कोणाला कळणार? सापळ्यापासून दूर जाणे आणि परत फिरणे या हालचाली त्याला अभिनयासाठी बाहेरून आणाव्या लागत नसतील. त्याने स्वतः जगलेली ती येरझार असते. आणि नाटक त्याला शेवटी पकडून ठेवत नाही. कोल्हा सुटतो.

२०२३ साली सेतागाया नाट्यगृहात मानसाई यांनी 'हॅम्लेट' दिग्दर्शित केले. हॅम्लेट झाला युकी. मानसाई यांनी काका क्लॉडिअस आणि बापाचे भूत या दोन्ही भूमिका स्वतः केल्या. मरूनही मुलाला आज्ञा देणारा बाप आणि मुलाने ज्याच्याशी झुंजायचे तो राजा, दोघांना एकच चेहरा, आणि तो चेहरा खऱ्या बापाचा. ही निवड कोणत्याही बाहेरच्या समीक्षकाने सुचवलेली नव्हती. घराण्यातल्या माणसाने आपल्या मुलासाठी स्वतः केलेली ती निवड होती. त्याच वर्षी, बाण्णव वर्षांच्या मानसाकु यांना सम्राटांच्या हस्ते संस्कृती सन्मान मिळाला.

वचन कोल्ह्यापाशी थांबत असले तरी शिक्षण थांबत नाही. त्यानंतर 'हानागो' येते, आणि जाणकार त्याला कोल्ह्याच्याही पुढची पायरी मानतात. त्यात ना कातडे आहे, ना सापळा. हानागो नावाच्या प्रेयसीला भेटायला अधीर झालेला नवरा, रात्रभर ध्यानाला बसतो अशी बायकोला थाप मारून, चाकराला आपल्या जागी पांघरुणाखाली बसवून जातो. बायकोला ते उमगते आणि ती स्वतः त्या पांघरुणाखाली जाऊन बसते. पहाटे नवरा परततो, अजून सुखाच्या धुंदीत, आणि पांघरुणाखाली चाकरच आहे असे समजून रात्रीची सगळी हकीकत गात गात सांगतो. त्या गाण्यांची पट्टी, ताल, पावले हे सारे गुरू समोर बसून देऊ शकतो. पण पहाटेच्या वाटेवर एकटाच गुणगुणत येणाऱ्या माणसाच्या अंगातले सुख तालमीच्या खोलीत मिळत नाही. ते त्या तरुणाला घराबाहेर, बापाच्या नजरेआड, स्वतःच्या आयुष्यातून मिळवून आणावे लागते, आणि घराणे त्यासाठी त्याला वेळ देते.